चौथं माणूस

"कट," मी म्हणाले. अकराव्यांदा.

आज्जीचा हात याही वेळी ओठांपर्यंत जाऊन परत आला होता. तिनं घास ताटात ठेवला, जिथून उचलला होता बरोबर तिथंच, आणि समोर बघून विचारलं, "पोरं जेवलीत काय?"

कॅमेऱ्यात बघायचं नाही, हे मी तिला सकाळपासून सांगत होते. ती कॅमेऱ्यात बघतच नव्हती म्हणा. कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या अभिनंदनकडं बघत होती. अभिनंदन सकाळी सहाला पुण्याहून आला होता, एक कप चहा आणि तीन बिस्किटं एवढ्यावर उभा होता, आणि आज्जीनं विचारताच त्याचं पोट सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाजलं. कानाला हेडफोन लावलेल्या तौफिकनं दचकून हेडफोन काढले. साउंडवाल्याला असल्या गोष्टी जास्त लागतात.

"जेवतील ते नंतर," मी म्हटलं. "आधी शॉट. आज्जी, फक्त एक घास. एक."

"मग जेवू देत की त्यांना. माझं काय पळून चाललंय?"

माझी डिप्लोमा फिल्म होती ती. दहा मिनिटांची. तीन पिढ्यांतल्या तीन बायका, आज्जी, आई आणि मुलगी, आयुष्यभर घरातल्या पुरुषांच्या मागून जेवत आलेल्या. आणि शेवटच्या शॉटमध्ये त्या तिघी टेबलाशी बसतात आणि सगळ्यांच्या आधी जेवतात. फिल्मचं नाव मी इतकं वाईट ठेवलं होतं की ते इथं सांगत नाही. आज्जीचं काम माझी आज्जी करत होती, आईचं आई, आणि मुलीचं मी, कारण जिला घेतलं होतं तिला आदल्या दिवशी कांजिण्या आल्या. त्यामुळे मी एकाच वेळी कॅमेऱ्यापुढं बसून आई-आज्जीकडं प्रेमानं बघत होते आणि कट म्हणत होते. पहिल्या काही टेकमध्ये मला दोन्ही जमलं. नंतर प्रेम कमी पडायला लागलं.

बाकी सगळी फिल्म झाली होती. आज्जीनं तर कमाल केली होती. म्हणेन तिथं रडली. एका प्रसंगात तिला सुनेच्या हातून ताट हिसकावून घ्यायचं होतं, ते तिनं असं हिसकावलं की आई खरोखर भिंतीला जाऊन टेकली आणि कट म्हटल्यावरही तिथंच उभी राहिली. आज्जीला अभिनय येतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. किंवा तो अभिनय नव्हता. मला तेव्हा फरक पडत नव्हता, फुटेज उत्तम होतं.

राहिला होता हा एक शॉट. तो नसेल तर फिल्म म्हणजे तीन बायकांची नऊ मिनिटांची रडारड होती. कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुण्याच्या फिल्म संस्थेत परत जमा करायचा होता, म्हणजे पोरांना संध्याकाळची सातची बस पकडायलाच हवी होती. आणि आमच्या डायनिंग टेबलावर ऊन येतं ते पश्चिमेच्या खिडकीतून. डिसेंबरात सहाला शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागं सूर्य गेला की खेळ संपला.

"आज्जी, हा अभिनय आहे," मी म्हटलं. "सकाळी तू रडलीस की नाही? ते खोटंच होतं ना?"

"रडणं खोटं असतं गं," आज्जी म्हणाली. "भात कसा खोटा असंल? तो पोटात जातोय."

तौफिकनं मान डोलावली. मी त्याच्याकडं बघितल्यावर थांबवली.

"अजून चार माणसं जेवायची हाईत घरात," आज्जी म्हणाली, "आनि मी म्हातारी आधी खात बसू?"

माणसं तीन होती. अभिनंदन, तौफिक आणि आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेले माझे वडील, म्हणजे दादा. चौथं बहुधा तिनं ट्रायपॉडला धरलं असावं. दुपारचा एक वाजून गेला होता आणि आज्जीचं गणित सुधारायला माझ्याकडं वेळ नव्हता. मी हात टेकले. म्हटलं, ठीक आहे, पुरुषांना जेवू दे. तीन पुरुषांना जेवायला किती वेळ लागतो.

दादांबद्दल एक सांगायला हवं. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर फिल्म सोपी झाली असती. सूतगिरणीत सगळ्यांना सांगत होते की आमची धनश्री स्त्रियांवर फिल्म काढतेय, फार ज्वलंत विषय आहे. शूटिंग सुरू असताना तीन वेळा दारातून डोकावून विचारून गेले की काही मदत हवी का, आणि तिन्ही वेळा फ्रेममध्ये आले. मी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा म्हणाले, तुझं चालू दे सावकाश, मला काही भुकेची घाई नाही, आणि मग स्वयंपाकघराकडं बघत थोडा वेळ उभे राहिले, एखादी बस येतेय का बघावी तसे.

आईला मी सांगितलं की पुरुषांना आत स्वयंपाकघरात पाट मांडून वाढ, टेबलाला हात लावू नकोस, तिथं शॉटची ताटं लागलीयत. त्या ताटांचा फोटो काढून ठेवला होता मी. वहीत लिहिलं होतं: आमटीची वाटी डावीकडं, पोळीची घडी चौकोनी, खीर वाटीच्या दुसऱ्या रेघेपर्यंत. गव्हाची खीर. त्यासाठी आईनं आदल्या दिवशी गहू भिजवून कांडले होते आणि पहाटे साडेचारला उठून शिजायला टाकले होते. मग संस्थेत फोन करून कॅमेरा उद्या दुपारपर्यंत ठेवता येईल का असं विचारायला मी गच्चीवर गेले, कारण आमच्या घरात रेंज गच्चीवरच येते. स्टोअरवाल्यांनी मला नाही हे एका शब्दाचं उत्तर द्यायला वीस मिनिटं घेतली.

खाली आले तेव्हा माझ्या टेबलावर, माझ्या उन्हात, माझ्या तीन ताटांवर तीन पुरुष बसले होते.

दादा मधे, आज्जीच्या खुर्चीत. अभिनंदन आणि तौफिक दोन बाजूंना. आई शॉटचं हिरवं इरकल नेसून, केसात माळलेल्या शॉटच्या अबोलीसकट, उजवीकडून वाढत होती. खिडकीतून ऊन बरोबर खिरीच्या वाटीवर पडलं होतं. सकाळपासून मी जी फ्रेम शोधत होते ती हीच. फक्त माणसं चुकली होती.

"लाइट काय भारी आहे बघ," अभिनंदन तोंड भरलेलं असताना म्हणाला.

दादांनी माझ्याकडं बघून खुलासा केला. ताटं वाढलेलीच होती, मग परत कशाला पसारा, म्हणून बसलो. तुझ्याच कामात वेळ वाचावा म्हणून. आणि आईला म्हणाले, खीर आण अजून, पोरांना आवडलेली दिसतेय.

दादांनी सेट खाल्ला. आमच्या संस्थेत सेटबद्दलच्या अडचणींवर दोन व्याख्यानं झाली होती, त्यात पाऊस होता, गर्दी होती, कुत्री होती. वडील नव्हते.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. मी सांगितलं होतं की नाही, असं विचारलं. ती म्हणाली, ते येऊन बसले टेबलावर. मी म्हटलं, मग उठवायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. जेवणावरून माणूस उठवायचं, हे शब्द तिनं उच्चारलेही नाहीत. ते इतके अशक्य होते की तिनं फक्त पोळी तव्यावर उलटली. तिला मी त्या दिवशी किती वेळा झापलं ते आठवत नाही. आज्जीला झापता येत नव्हतं, दादांना झापून उपयोग नव्हता, दोघं मित्र होते आणि फुकट आले होते. उरली कोण?

"आता काय करायचं ते सांग," ती म्हणाली.

मी वही उघडून सांगितलं. सगळं परत. भात, आमटी, उसळ, चौकोनी घडीची पोळी. आणि खीर, कारण सकाळच्या वाइड शॉटमध्ये खीर दिसली होती. खीर संपली होती. गहू उरले नव्हते, आणि असते तरी भिजायला रात्र लागते. मी म्हटलं, दलियाची कर, कॅमेऱ्याला कळत नाही. ती म्हणाली, गूळ थोडाच आहे. मी म्हटलं, तीन वाट्यांपुरता कर, जास्त कशाला हवाय?

मी तिला असंही म्हणाले की चव बघू नकोस. हा माझा नियम होता, सकाळपासूनचा. शेवटच्या शॉटमध्ये तिघींच्या चेहऱ्यावर खरी भूक दिसायला हवी होती, म्हणून शॉट होईपर्यंत कलाकारांनी काही खायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज्जीनं नऊ वाजता बीपीच्या गोळीबरोबर पेलाभर दूध आणि दोन केळी खाऊन माझा नियम मोडला आणि वर मलाच म्हणाली, भूक मला आठवून काढता येती, त्याला उपाशी कशाला राहायला पायजे? मी मधल्या वेळी अभिनंदनच्या पुड्यातली दोन बिस्किटं खाल्ली, पण ती दिग्दर्शक म्हणून. नियम पाळला तो एकटीनं.

सव्वापाचला ताटं परत लागली. बरोबर तीन ताटांपुरतं झालं होतं, भांडी कोरडी. आईनं तोंड धुतलं, कुंकू परत लावलं, इरकलावर आमटीचा डाग पडला होता तो पदर फिरवून झाकला. आम्ही बसलो. डावीकडं आज्जी, मधे आई, उजवीकडं मी. ऊन तिरपं आणि तांबूस झालं होतं, दुपारपेक्षा चांगलं. मला वाटलं, झालं ते बऱ्यासाठीच झालं. असं मला आयुष्यात क्वचित वाटतं आणि दर वेळी पाचेक मिनिटं टिकतं.

आणखी एक गोष्ट त्या वेळी खोलीतल्या सगळ्यांना माहीत होती, अगदी तौफिकलाही, कारण आज्जीनं त्याला दुपारी वाढताना समजावून सांगितली होती. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्या घरात जेवत नाहीत. म्हणजे आज्जी आणि आई जेवत नाहीत. दादांना सूतगिरणीतल्या मीटिंगांमुळं सूट मिळाली होती आणि मला पुण्याच्या हॉस्टेलमुळं.

"रोल," मी म्हटलं.

आज्जीनं घास केला. भात, आमटी, बोटांनी हलके कालवून. हात उचलला. ऊन तिच्या मनगटावर आलं, बांगडीवर चमकलं. ओठांपर्यंत हात गेला.

थांबला.

"कट," मी म्हटलं. "आता काय? जेवले ना तिघं? दुसऱ्यांदा खीर घेऊन जेवले."

"एक माणूस ऱ्हायलंय."

"कोण?"

मी खरोखर खोलीत बघितलं. ट्रायपॉडसुद्धा बघितला.

"तू," आज्जी म्हणाली.

मी तिला समजावलं. आधी शांतपणे. मी माणसं म्हणजे पुरुष धरतेय, तू पुरुषांच्या आधी जेवायचं नाही म्हणतेस, मी पुरुष नाही, मी तुझ्यासारखी, आईसारखी, फिल्म आपल्या तिघींची आहे. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं, वर्गात प्रेझेंटेशन करावं तसं. आज्जीनं ऐकून घेतलं.

"आमच्यासारखी कवापास्नं?" ती म्हणाली. "लहानपणी बापाच्या मांडीवर बसून जेवलीस. मग शेजारी बसून. आता पुण्यास्नं येतीस तेव्हा पिशवी टाकतीस आनि पयल्यांदा ताटावर बसतीस. तू पयल्या पंगतीचं माणूस हाईस, धने. आमच्या पंगतीला तू कवा होतीस?"

ती मला टोमणा मारत नव्हती, हे लक्षात घ्या. टोमणा असता तर मला परतवता आला असता. गावातल्या कुणाला पत्ता सांगावा तसं सांगत होती.

माझं डोकं फिरलं. चार तास साठलेलं सगळं बाहेर आलं. पोरांसमोर, दादा दारात उभे असताना. मी म्हटलं, पंगती पाडल्या कुणी? माझ्या आईला सव्वीस वर्षं सगळ्यात शेवटी बसवलं कुणी? बाळंतपणात गार भाकरी कुणी दिली? खरवडलेलं पातेलं तिच्यापुढं कुणी सरकवलं? ती फिल्म तुझ्यावर आहे, आज्जी, तुला कळलं नाही का अजून, ती वाईट बाई तू आहेस. शेवटी एक मिनिट मी तुला चांगली दाखवतेय, एका घासापुरती, आणि तू तो घाससुद्धा खात नाहीस.

असं बोलताना माझा आवाज फाटला. तौफिकनं बूम माइक जरा लांब केला, पण बंद नाही केला.

आज्जीच्या हातात घास तसाच होता.

"मीच बसवलं," ती म्हणाली. "आनि कोण बसवणार? तुझा बाप? त्याला तर ठावंबी न्हाई आमी कवा जेवतो ते."

दादांनी तोंड उघडलं. मग आठवून बघितलं. ते आठवत असताना त्यांच्या चेहऱ्याकडं मी बघत होते, आणि सांगते, सव्वीस वर्षांत आपली बायको किती वाजता जेवते हे आठवायचा प्रयत्न करणारा माणूस बघण्यासारखा असतो. काही सापडलं नाही. ते आत गेले. पेपरचा आवाज आला.

"मला सासूनं बसवलं मागं," आज्जी पुढं म्हणाली. "मी हिला बसवलं. तुला बसवायच्या वक्ताला तुझ्या आईनं मला हात जोडलं. म्हनाली, आत्ती, हिला नको. मी म्हनलं बरं. सुटलीस तशी तू बापाच्या शेजारी जाऊन बसलीस. मागं वळून कवा बघितलंस काय, तिथं कोण ऱ्हायलंय?"

मी आईकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघितलं. ऊन टेबलाच्या कडेला आलं होतं. घड्याळात पावणेसहा.

ज्याला संताप म्हणतात तो फार कामाला येणारा असतो. विचार करायचं राहून जातं. मी म्हटलं, माझं जेवण झालं की खाशील? शपथ घेऊन सांग. आज्जी म्हणाली, शपथ कशाला, मगापासून तेच सांगतेय. मी हाताला लागेल ते ताट ओढलं आणि जेवायला लागले. जेवले म्हणजे कोंबलं. भात, उसळ, पोळीचे दोन तुकडे करून, खिरीची वाटी तोंडाला लावून. गूळ कमी होता. तीन मिनिटांत ताट पुसून काढलं. रागानं जेवणाऱ्या माणसाचा आवाज किती मोठा येतो ते मला नंतर एडिटिंगला बसल्यावर कळलं, कारण तौफिकनं तो सगळा रेकॉर्ड केला होता. फिल्ममध्ये आज्जीच्या पहिल्या घासाला जो आवाज आहे तो माझा आहे. सगळ्यांनी वाखाणला.

"झालं," मी म्हटलं. "जेवले. चौघं जेवली. आता रोल."

माझं ताट माझ्यापुढं तसंच होतं, भरलेलं, चौकोनी घडीच्या पोळीसकट.

जे रिकामं होतं ते मधलं.

"माझ्या ताटात काही नाही," आई म्हणाली. मोठ्यानं नाही. मला सांगितलं नुसतं, मीठ संपलंय सांगावं तसं.

इथं मला तीन गोष्टी करता आल्या असत्या. माझं भरलेलं ताट तिच्यापुढं सरकवता आलं असतं. दोन्ही ताटांत थोडं थोडं करता आलं असतं. शूटिंग थांबवून, जेव आई, असं म्हणता आलं असतं. सूर्य मावळायला दहा मिनिटं होती आणि तिला दहा मिनिटं पुरली असती, तिला जेवायला एवढाच वेळ लागतो. पण ताटं हलवली तर आज्जी परत थांबेल, ऊन जाईल, पोरांची बस जाईल असं मला वाटलं.

"फ्रेममध्ये दिसत नाही," मी म्हटलं. "हात फिरव नुसता ताटात. शॉट झाला की खा."

शॉट झाला की सूर्य मावळलेला असणार होता. पुढं बरीच वर्षं मी लोकांना सांगत आले की गडबडीत हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं होतं.

"रोल."

आज्जीनं घास उचलला आणि खाल्ला. अडखळली नाही, लाजली नाही. आधी खायची सगळी माणसं खाऊन झाली होती, आता तिचा नंबर होता आणि सून तिच्या मागं होती, सगळं जिथल्या तिथं. तिनं डोळे मिटून आमटीचा तो घास गिळला, दुसरा केला, मग तिसरा. इतकं मन लावून जेवणारी म्हातारी मी पडद्यावर आजवर बघितली नाही. मी प्रेमानं बघत होते, या वेळी दिग्दर्शक म्हणून खरंखुरं. आणि मधे आई बसली होती. तिनं हात फिरवला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऊन जाईपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

टाकीमागं सूर्य गेला. "कट," मी म्हटलं. "ओके."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं उठून ताटं उचलली. माझ्या ताटातली पोळी, भात, खीर तिनं झाकून फडताळात ठेवली. पोरांनी सामान आवरलं, पाया पडले, मी त्यांना स्टँडवर सोडून आले. परत आले तेव्हा दादा जिन्याशी चपला घालत होते. त्यांनी मला विचारलं, जमलं का मनासारखं? मी हो म्हटलं. मग त्यांनी आत बघून, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच, विचारलं, "जेवणं झाली का सगळ्यांची?"

"झाली," आईनं आतून सांगितलं.

मार्चमध्ये संस्थेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. दादा आले, आई आली, आज्जी गुडघ्यामुळं आली नाही. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फ्रेममध्ये ते ताट दिसत होतं. चांगलं लख्ख दिसत होतं, मावळतीचं ऊन त्याच्या तळाशी साठल्यासारखं. मुंबईहून आलेल्या परीक्षकबाई मंचावर म्हणाल्या की शेवटच्या शॉटमधलं रिकामं ताट हे या वर्षीच्या सगळ्या फिल्ममधलं सगळ्यात धाडसी प्रतीक आहे. म्हातारी मुक्त झाली, तरुण मुलगी मुक्त आहे, पण मधल्या पिढीच्या ताटात काहीच नाही. त्यांनी विचारलं, हे तुला सुचलं कधी, लिहितानाच की सेटवर?

"लिहितानाच," मी म्हणाले.

आणि त्या मधल्या बाईंच्या चेहऱ्यावरचा राग? बाई म्हणाल्या, इतका आवरलेला राग व्यावसायिक नटीलाही जमत नाही. कोणती पद्धत वापरलीस?

"दिवसभर उपाशी ठेवलं," मी म्हणाले. हॉल हसला. मी अशा वेळी चेहरा सरळ ठेवून बोलते, ती माझी सवय सगळ्यांना माहीत होती.

मग प्रेक्षकांचे प्रश्न. माइक मागच्या रांगांतून फिरत पुढं आला आणि तिसऱ्या रांगेत आईनं तो मागून घेतला. लोकांनी तिला ओळखलं, परत टाळ्या झाल्या. ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"त्या मधल्या बाईला नंतर जेवायला मिळालं का?" तिनं विचारलं.

फार सुंदर प्रश्न, असं परीक्षकबाई म्हणाल्या. दिग्दर्शकानं तो प्रेक्षकांवर सोडलाय, असंही म्हणाल्या. पण आई त्यांच्याकडं बघत नव्हती. त्या टेबलाशी बघत होती तशी माझ्याकडं बघत होती, आणि बसली नव्हती.

"मिळालं," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी."

"किती वाजता?"

मला खरंच माहीत नव्हतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर दादा खाली बघायला लागले. मी अंदाजानं साडेसात म्हटलं.

"साडेनऊ," आई म्हणाली. "आधी तुमचं उप्पीट झालं."

तिनं माइक पुढच्या मुलाला दिला आणि बसली. त्याला कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल विचारायचं होतं.